विमानाचे स्वस्त तिकीट आणि प्रवासाची पूर्वतयारी

दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीज राजवटीत, १९५५ साली सुरू झाला. त्यानंतरही कित्येक वर्षे गावातील बहुसंख्य कुटुंबांचा विमानाशी संबंध आखातात निघालेल्या मुलाला निरोप देण्यापुरताच होता. आज स्थिती पालटली आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात तपासणीसाठी निघालेला रुग्ण, मुलाखतीसाठी बंगळूरला जाणारी पदवीधर तरुणी, लेकीच्या बाळंतपणाला दिल्लीस निघालेली आई असे सर्व थरांतील प्रवासी विमानाचा विचार करू लागले आहेत. अशा प्रवाशाच्या हातात पैसा मोजकाच असतो आणि ठरलेली वेळ चुकवून त्याला चालत नाही. म्हणून तिकिटाचा दर कसा ठरतो व निघण्यापूर्वी काय पाहावे, याची माहिती त्यास असणे अगत्याचे आहे.

एस.टी. अथवा कदंबच्या गाडीत शेजारी बसलेल्या दोघा उतारूंनी एकाच प्रवासासाठी सारखेच पैसे मोजलेले असतात. विमानात तसे नसते. हवाई वाहतुकीतील सरकारी निगमांची मक्तेदारी १९९४ साली कायद्याने संपुष्टात आली आणि भाडे ठरविण्याचा अधिकार सर्वसाधारणपणे कंपन्यांकडे गेला. कंपनी एकाच विमानातील आसनांचे अनेक दरगट पाडते. सर्वांत कमी दराच्या गटात थोडी आसने असतात; ती संपली की पुढचा, चढा दर लागू होतो. मागणी वाढेल तशी खालच्या गटातील आसने कमी केली जातात, विमान रिकामे राहील असे दिसल्यास ती पुन्हा वाढविलीही जातात. मध्यरात्री तिकीट काढल्यास ते स्वस्त पडते, अमुक वारी दर उतरतात, अशा ज्या समजुती ऐकू येतात त्यांवर विसंबण्यात अर्थ नाही. दर हलतो तो मागणीने आणि उरलेल्या आसनांच्या संख्येने.

गोव्यापुरते बोलायचे तर नाताळ व नववर्षाचे दिवस सर्वांत महाग. चतुर्थीला मुंबई-पुण्याहून गावी येणाऱ्यांची गर्दी असते. त्या वेळी येण्याचे भाडे चढते. पावसाळ्यात पर्यटक घटतात आणि दर पुष्कळदा उतरतात. तारीख एक-दोन दिवसांनी मागेपुढे करता येत असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरील दरांची दिनदर्शिका अवश्य पाहावी. पहाटेचे वा रात्री उशिराचे विमान बहुधा स्वस्त असते. मात्र रात्री बसगाडी नसल्याने भाड्याची मोटार करावी लागली, तर वाचलेले पैसे तेथेच संपतात.

आणखी एक बारकावा फारसा कोणी सांगत नाही. चौघांच्या कुटुंबाने एकत्र तिकिटे शोधली आणि स्वस्त गटात तीनच आसने शिल्लक असली, तर आरक्षण-यंत्रणा सामान्यतः चौघांनाही वरच्या गटाचा दर सांगते. म्हणून आधी एका प्रवाशाचा दर पाहावा आणि मग सर्वांचा. फरक मोठा असेल तर तिकिटे दोन भागांत काढता येतात. अर्थात लहान मुलाचे तिकीट वडीलधाऱ्या माणसाबरोबरच असावे.

शोधताना प्रथम दिसणारा आकडा हा शेवटचा आकडा नव्हे. पैसे भरण्याच्या टप्प्यावर सुविधा शुल्क, विमा, आसन निवडीचे शुल्क, खाणे अशी भर पडत जाते. यांपैकी विमा, खाणे, आसन निवड इत्यादी सेवा ऐच्छिक आहेत. आसन आधी निवडले नाही तरी प्रवाशाला आसन मिळतेच; फक्त ते खिडकीजवळचे किंवा सोबत्याशेजारचे असेल याची हमी नसते. काही दर केवळ हातातील पिशवीसाठी असतात, मोठ्या सामानाचे पैसे निराळे पडतात. देशांतर्गत प्रवासात सामान्यतः १५ किलो सामान कंपनीच्या ताब्यात देता येते व ७ किलोपर्यंतची एक पिशवी सोबत नेता येते, परंतु तिकिटावर लिहिलेले असेल तेच खरे. जादा सामानाचे पैसे आगाऊ भरलेले बरे. ऐन वेळी खिडकीवर तेच वजन महाग पडते. ज्येष्ठ नागरिक, विद्यार्थी व सैनिक यांना काही कंपन्या सवलत देतात, पण ती सवलत बहुधा मूळ भाड्यावरच असते. कित्येकदा साधे स्वस्त तिकीट सवलतीच्या तिकिटापेक्षाही कमी पैशांत मिळते, म्हणून दोन्ही पाहावीत.

विमानतळ कोणता?

गोव्यातील प्रवाशाची सर्वांत महागडी चूक येथे होते. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली आणि राज्यात दोन विमानतळ झाले. दाबोळी मुरगाव तालुक्यात, मोपा पेडणे तालुक्यात. दोहोंमधील रस्ता साठ किलोमीटरहून अधिक. तिकिटावर दोन्ही ठिकाणी ‘गोवा’ हेच नाव असते. फरक तीन अक्षरी संकेतात आहे : दाबोळीसाठी जी.ओ.आय. आणि मोपासाठी जी.ओ.एक्स. चुकीच्या विमानतळावर पोचलेल्या प्रवाशाला दुसरीकडे धावत जाऊन विमान गाठणे बहुधा शक्य होत नाही. काणकोण, सांगे, केपे या बाजूच्या लोकांस दाबोळी सोयीचे. पेडणे, डिचोली, तसेच सीमेपलीकडील सावंतवाडी-दोडामार्गच्या लोकांस मोपा. एका ठिकाणचे तिकीट पाचशे रुपयांनी कमी दिसले, तरी घरापासून तेथवरचा खर्च त्यात मिळवून मगच निर्णय घ्यावा. मोपासाठी कदंब महामंडळाच्या बसगाड्या आहेत. त्यांच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्याव्यात.

मुंबईलाही आता हीच दक्षता हवी. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला असून त्याचा संकेत एन.एम.आय. असा आहे, मुंबईच्या जुन्या विमानतळाचा बी.ओ.एम. परळच्या रुग्णालयात जायचे असेल तर हा फरक लहान नाही.

नाव, वेळ आणि सामान

तिकिटावरील नाव ओळखपत्राप्रमाणे असावे. घरी सारे ‘बाबल’ म्हणतात म्हणून तिकिटावर बाबल लिहून चालत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत आधारपत्रावर कोणते नाव आहे ते पाहूनच तिकीट काढावे. कंपनीच्या संकेतस्थळावर थेट काढलेल्या तिकिटातील नावाची चूक चोवीस तासांच्या आत कळविल्यास ती विनाशुल्क दुरुस्त होते. दलालाकडून तिकीट घेतल्यास त्यावरील आरक्षण क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासून पाहावा. बनावट तिकिटाने फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करता येते.

तारखेबाबत एक सापळा आहे. १५ तारखेस रात्री साडेबाराचे विमान म्हणजे १४ तारखेच्या रात्री घरून निघणे होय. सामान घेण्याची खिडकी देशांतर्गत विमानासाठी सामान्यतः सुटण्यापूर्वी साठ मिनिटे बंद होते आणि विमानात शिरण्याचे दार वीस-पंचवीस मिनिटे आधी. तेव्हा दोन तास अगोदर पोचणे योग्य. चालता न येणाऱ्या रुग्णासाठी चाकांची खुर्ची हवी असल्यास किमान ४८ तास आधी कंपनीस कळवावे. रुग्णाची औषधे, वैद्यकीय चिठ्ठी आणि तपासणीचे कागद हातातील पिशवीतच असावेत.

गावाकडून निघताना सामानात काय काय भरले जाते हे सर्वांना ठाऊक आहे. आजीच्या चंचीतील अडकित्ता हातातील पिशवीत चालत नाही. तो मोठ्या सामानात ठेवावा. मिरचीची पूड व तेलाचे लोणचे यांनाही तोच नियम. मात्र सुके खोबरे घेऊन न गेलेलेच बरे. त्यातील तेलामुळे ते आपोआप पेट घेऊ शकते, म्हणून त्याची गणना धोकादायक मालात होते. काडेपेटी, लायटर व फटाके कोठेच ठेवू नयेत. उलट मोबाईलची पॉवर बँक मोठ्या सामानात टाकण्यास मनाई आहे. ती स्वतःजवळच बाळगावी.

शेवटी रद्द केलेल्या तिकिटाविषयी. स्वस्त तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत असे सांगितले जाते व प्रवासी गप्प बसतो. ते पूर्णांशाने खरे नाही. मूळ भाडे बुडाले तरी तिकिटातील वैधानिक कर आणि विमानतळाचे वापरकर्ता विकास शुल्क परत करणे कंपनीस बंधनकारक आहे. प्रवासी विमानतळावर पोचलाच नाही तरीही. हा नियम २०१६ पासून लागू असून सवलतीच्या दरातील तिकिटेही त्यातून वगळलेली नाहीत. ही मागणी प्रथम कंपनीकडे लेखी करावी आणि दाद न मिळाल्यास केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’ या तक्रार-व्यवस्थेत नोंदवावी. त्यासाठी तिकिटाची प्रत व आरक्षण क्रमांक जवळ असला म्हणजे पुरे.