घरातील विजेची हत्यारे

साक्रीच्या आसमंतातील डोंगरपठारांवर फिरणाऱ्या पवनचक्क्यांचे आता कोणास नवल वाटत नाही. ब्राह्मणवेलचा परिसर वाऱ्यापासून वीज काढण्याविषयी प्रसिद्ध आहे; आणि याच तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉट क्षमतेचा सौर प्रकल्प २०१३ साली सुरू झाला. ऊन आणि वारा यांची खानदेशात कधीच वाण नव्हती; त्यांपासून वीज करण्याची विद्या मात्र अलीकडची. असे असूनही, ज्या तालुक्याच्या माळावर वीज उत्पन्न होते, तेथील चांगल्या सुशिक्षित घरांत एखादे बटण बिघडले म्हणजे स्वयंपाकघरातील सुरी आणि शिवणाच्या पेटीतील कात्री यांचाच शोध सुरू होतो. पुस्तकांस कपाट, देवांस देवघर आणि मसाल्यास डबा असणाऱ्या घरात विजेच्या कामाची चार हत्यारे एके ठिकाणी सापडू नयेत, ही गोष्ट भूषणावह खचित नव्हे.

दुसऱ्यांस उपदेश करण्यापूर्वी आमच्याच घरची हकीगत सांगणे बरे. श्रावणातील मंगळवार होता. मंगळागौरीचे जागरण रंगात आले असता माजघरातील दिवा गेला. अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारा आमचा पुतण्या मोठ्या उत्साहाने लाकडी स्टुलावर चढला. बटण बंद केलेले होते. जुना दिवा काढून त्याने होल्डरला टेस्टर लावला. टेस्टर पेटला नाही. तेव्हा निःशंकपणे त्याने होल्डरला बोट लावले. डावा हात पावसाने ओल धरलेल्या मातीच्या भिंतीला टेकलेला होता. क्षणार्धात झटका बसून तो खाली फरशीवर आला. मनगटाचे हाड मोडण्यावर निभावले, ही देवाची कृपा.

दुसरे दिवशी वायरमनने तपासणी केली, तेव्हा दोन दोष निघाले. कोणा पूर्वीच्या कारागिराने बटण फेजच्या तारेवर न बसविता न्यूट्रलवर बसविले होते; त्यामुळे बटण बंद असताही होल्डरमध्ये वीज होतीच. आणि टेस्टरमधील चिमुकला दिवा केव्हाच निकामी झालेला होता. हे ऐकून आमच्या आत्याबाई म्हणाल्या, "बाळा, मुक्याच्या गप्प बसण्याला तू होकार समजलास!" आत्याबाईंनी पदार्थविज्ञानाचे पुस्तक कधी उघडलेले नाही, परंतु टेस्टरविषयी याहून मार्मिक वाक्य आमच्या ऐकण्यात नाही.

टेस्टर काय सांगतो?

टेस्टरच्या पोटात एक निऑनचा दिवा व सुमारे दहा लाख ओहमचा रोध असतो. टोक तारेला लावून मागील धातूच्या टोपीस बोट टेकविले म्हणजे आपल्या शरीरातून अत्यल्प, जाणवणारही नाही इतका प्रवाह जमिनीकडे जातो व दिवा पेटतो. यावरून त्याच्या मर्यादाही ध्यानात येतील. बोट टोपीवर नीट नसेल, पायांत जाड रबरी जोडा असेल, किंवा उन्हात त्याचा मंद प्रकाश दिसत नसेल, तर वीज असूनही टेस्टर गप्प बसतो. यास्तव नियम असा, की प्रथम चालू असलेल्या प्लगवर टेस्टर लावून तो पेटतो हे पाहावे. मग कामाच्या जागी लावावा. आणि नंतर पुन्हा त्या चालू प्लगवर पाहावा. साक्षीदाराची परीक्षा साक्षीच्या आधी व नंतर घेतली, तरच साक्ष ग्राह्य.

उलटपक्षी टेस्टर पेटला म्हणजे सर्व ठीक आहे असेही नव्हे. न्यूट्रलची तार कोठे तुटली आणि एखादे उपकरण चालू राहिले, तर प्लगच्या दोन्ही छिद्रांत टेस्टर पेटतो व पंखा मात्र फिरत नाही. अशा वेळी दोन तारांमधील दाब मोजणारा छोटा मल्टिमीटर उपयोगी पडतो. तो एसी व्होल्टवर, सर्वांत मोठ्या मापावर ठेवून पाहिल्यास सुस्थितीत सुमारे २३० व्होल्ट दाखवितो.

बाकीची मंडळी

पेचकस, म्हणजे कारागिरांच्या तोंडचा डिसमिस, किमान तीन हवेत: बारीक चपट्या टोकाचा, रुंद चपट्या टोकाचा आणि चौफुलीचा. टोक खाचेत घट्ट बसले पाहिजे. सैल बसले की स्क्रूचे डोके झिजते व हात घसरतो. टेस्टरनेच स्क्रू पिळण्याची सवय सर्वत्र आढळते. तीपायीच आतील दिवा व काच निकामी होतात.

पक्कड आठ इंची घ्यावी. आमच्या शेजारच्या नाशकात, सातपूरला, टपारिया टूल्ससारखा हत्यारांचा कारखाना असल्याने उत्तम माल दूर शोधावयास नको. मात्र मुठीवरील रंगीत आवरण म्हणजे विजेपासून संरक्षण, ही समजूत चुकीची होय. साधे आवरण केवळ पकडीच्या सोयीसाठी असते. विजेच्या कामासाठी खास तपासलेल्या हत्यारावर १००० व्होल्टचा आकडा व दुहेरी त्रिकोणाची खूण असते. ती असली तरीही मेन स्विच बंद करणे सुटत नाही.

तारेचे आवरण सोलण्यास स्ट्रिपर घ्यावा. सुरीने सोलताना आतील बारीक तारांपैकी काही तुटतात. उरलेल्यांवर सारा भार पडून ती जागा तापू लागते, आणि इस्त्रीचा प्लग काळा का पडला हे कोणास उमगत नाही. सोललेल्या तारांना पीळ देऊन त्या स्क्रूखाली उजवीकडे वळवाव्यात, म्हणजे स्क्रू आवळताना तार आत ओढली जाते.

यांच्या जोडीस इन्सुलेशन टेप, विजेरी, लाकडी शिडी आणि जुन्या पद्धतीचे फ्यूज असल्यास योग्य अँपियरची तार ठेवावी. वारंवार फ्यूज जातो म्हणून जाड तांब्याची तार घालणे हा शुद्ध आत्मघात होय. मग फ्यूजऐवजी भिंतीतील तार जळते.

एक पुठ्ठ्याचा तुकडा

एकत्र कुटुंबास आणखी एक साधन अत्यावश्यक आहे. आमच्या घरी माणसे अठरा. कोणी मेन बंद करून कामास लागला, की पाच मिनिटांत दुसरा कोणी "वीज का गेली?" म्हणत सद्हेतूने ती पुन्हा सुरू करतो! म्हणून "काम चालू आहे, हात लावू नये" असे ठळक लिहिलेला पुठ्ठा मेनवर टांगावा व तो लावणाऱ्यानेच काढावा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करावा. मेन बंद असताही त्याची वीज तारांतून खेळत असते. तसेच ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. प्रवाह शरीरावाटे जमिनीत जाऊ लागताच तो वीज तोडतो.

ही हत्यारे घरी असली म्हणजे वायरमनची गरज संपली, असे नव्हे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत व पुढे २०१० च्या केंद्रीय विनियमांतही ही सीमा घातलेली होती: दिवे, पंखे, फ्यूज, बटणे व घरगुती उपकरणे जोडणीचे स्वरूप न बदलता बदलणे एवढेच मोकळे, बाकीचे काम परवानाधारक ठेकेदाराचे. नवी तार ओढणे, मेनबोर्ड उघडणे, अर्थिंग करणे या गोष्टी त्याच्याकडेच सोपवाव्यात.

आमच्याकडे आता मेनच्या शेजारी खुंटीवर एक कापडी पिशवी असते. तिच्यातील पक्कड खिळे उपटण्यास कोणी नेत नाही. पुतण्याचे मनगट सांधले, पण दिवा बदलण्यापूर्वी तो टेस्टर चालू प्लगवर लावून पाहू लागला, की ओसरीवरून आत्याबाई विचारतात, "काय रे, आज बोलतो का तो?" आणि होकार आल्याशिवाय त्या त्याला स्टुलावर चढू देत नाहीत.