घरच्या शाळेची आखणी

गणेशोत्सवात, कोजागरीला मंडळात भेटणारे बरेच सभासद आम्हाला एकच प्रश्न विचारतात : "नातवंडे शाळेत जात नाहीत, मग दिवसभर करतात काय?" त्याच्या पाठोपाठ दुसरा, जरा हळू आवाजात : "आणि दहावीचे काय?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. गेल्या काही महिन्यांत तीन-चार तरुण जोडपी तर वही-पेन घेऊनच घरी आली. म्हणून आमच्याकडे अभ्यास कसा चालतो, त्याची आखणी कशी करतो आणि कायदा व परीक्षा यांचे कसे आहे, हे एकदा नीट लिहून काढत आहोत.

घरात आम्ही सहा जण : आम्ही दोघे, मुलगा, सूनबाई, अकरा वर्षांची नात आणि सात वर्षांचा नातू. नात तिसरीपर्यंत इंग्रजी माध्यमाच्या शाळेत होती. शाळा, बस आणि ट्यूशन मिळून दिवसाचे आठ तास जात, तरी वाचताना ती अडखळे आणि दर सोमवारी तिचे पोट दुखे. डॉक्टरांनी पोटात काही नाही असे सांगितले. वर्षभर विचार करून मुलगा-सुनेने तिला शाळेतून काढले. नातू शाळेत गेलेलाच नाही. हा निर्णय त्या दोघांचा. आमच्या वाट्याला गणित, मराठी आणि स्वयंपाकघर आले.

प्रथम कायद्याचे. शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. त्यात 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळेत घालणे हे आईवडिलांचे कर्तव्य म्हटले आहे (कलम 10). परंतु न घातल्यास आईवडिलांना दंड वा शिक्षा अशी तरतूद कायद्यात नाही. घरी शिकवणारी कुटुंबे देशभर आहेत ती या मोकळ्या जागेत. त्याच कायद्याचे कलम 4 आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या मानाने योग्य त्या वर्गात प्रवेश देण्याची तरतूद त्यात आहे. म्हणजे परतीची वाट बंद होत नाही. कर्ज देताना आम्ही बँकेत जसे आधी परतफेडीचे पाहत असू, तसे येथेही आधी हे कलम पाहिले.

गंमत अशी की सक्तीच्या शिक्षणाचा पहिला मोठा प्रयोग आपल्या शेजारीच आणि एका मराठी राजानेच केला. सयाजीराव गायकवाडांनी 1893 साली अमरेली भागात आणि 1906 साली संपूर्ण बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. नवसारी, व्यारा, सोनगड ही आपल्या जवळची गावे त्याच संस्थानातली. आणि स्वतः सयाजीराव? नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा बाराव्या वर्षी, 1875 साली दत्तक आला तेव्हा त्याला अक्षरओळख नव्हती म्हटले तरी चालेल. खास शिक्षक नेमून त्याला राजवाड्यातच शिकवले गेले. उशिरा सुरुवात झाली म्हणून काही अडले नाही. मुलाची सातवी-आठवी मागे पडेल या काळजीने झोप न लागणाऱ्या आईबापांना आम्ही हे उदाहरण देतो. अर्थात राजवाड्यातले शिक्षक आपल्याला परवडणारे नाहीत, हेही सांगतो.

दुसरे नाव ताराबाई मोडकांचे. 1923 साली त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आल्या, पुढे 1945 साली बोर्डीला आणि 1957 साली कोसबाडला गेल्या. मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. मुंबईला जाताना गाडी त्या भागातून जाते. नातवंडांना तो भाग खिडकीतून दाखवून झाला आहे.

आता आखणी. सूनबाईने पहिल्या वर्षी शाळेसारखेच वेळापत्रक केले होते, पस्तीस-पस्तीस मिनिटांचे तास. ते तीन आठवडे टिकले. त्यानंतर आम्ही घरात बसून विषयांचे दोन ढीग केले. एका ढिगात ज्यांची पायरी चुकवता येत नाही असे विषय : गणित, वाचन, लेखन. अपूर्णांक पक्के झाल्याशिवाय टक्केवारी येत नाही आणि टक्केवारीशिवाय व्याज येत नाही. हे विषय रोज, सकाळी, न चुकता. दुसऱ्या ढिगात इतिहास, भूगोल, विज्ञान. यांना क्रम असा नाही. शिवाजी महाराजांची 1664 आणि 1670 ची सुरतेवरील स्वारी पाचवीत शिकली काय नि सातवीत शिकली काय. ती किल्ल्यात जाऊन शिकली म्हणजे झाले. या विषयांसाठी दर तीन-चार महिन्यांना एक मोठा विषय घेतो आणि बाकीचे त्याभोवती बसवतो.

क्रमिक पुस्तके बालभारतीची आणि एनसीईआरटीची. दोन्ही इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. ती आम्ही धडा पहिला ते धडा शेवटचा अशी शिकवत नाही; त्या वयाला काय यायला हवे याची मोजपट्टी म्हणून वापरतो. एका लांब वहीत तीन रकाने आहेत : ठरवले, झाले, पुढे ओढले. रविवारी रात्री सूनबाई पुढच्या आठवड्याचा पहिला रकाना भरते आणि शनिवारी नात स्वतः दुसरा भरते. "पुढे ओढले" हा रकाना आमच्या नोकरीचा वारसा. एखादी बाब तीन आठवडे सलग पुढे ओढली गेली, की थांबून विचारायचे : हे अवघड आहे, की कंटाळवाणे आहे, की शिकवणाराच चुकवतो आहे? बहुतेक वेळा तिसरे निघते.

मोठा विषय म्हणजे काय, याचे उदाहरण गेल्या पावसाळ्यातले. विषय होता तापी नदी. आषाढ शुद्ध सप्तमीला सुरतेत तापीचा जन्मदिवस करतात, तिला चुंदडी वाहतात, तिथून सुरुवात केली. मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम, 724 किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्र. मधला मोठा भाग आपल्या खानदेशातला. आमचे मूळ गाव जळगाव जिल्ह्यात, तेव्हा भुसावळ पॅसेंजरने गेलो आणि येताना चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम व देऊळ, मग नंदुरबारला उतरून प्रकाशा पाहिले. परतीला सोनगड. तिथला किल्ला म्हणजे पिलाजीराव गायकवाडांचे ठाणे, म्हणजे सयाजीराव पुन्हा आलेच. उकाई धरण 1972 सालचे. नातवाचा प्रश्न, "धरण आहे तर 2006 ला पूर कसा आला?" याचे उत्तर द्यायला आम्हाला दोन दिवस लागले.

त्या ऑगस्टमध्ये उकाईतून सोडलेले पाणी सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत गेले होते. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण 28 लिटर. नातीने गुणाकार केला : सेकंदाला अडीच कोटी लिटर. आमच्या इमारतीची गच्चीवरची टाकी वीस हजार लिटरची. म्हणजे दर सेकंदाला साडेबाराशे टाक्या. हे उत्तर आल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग शेजारच्या काकींकडे जाऊन, त्या रात्री पाणी कितव्या पायरीपर्यंत आले होते, त्यांनी काय वर नेले, दूध कुठून आणले, हे सगळे विचारून आली. ते तिने गुजरातीत ऐकले आणि मराठीत लिहिले. चार पाने झाली. भूगोल, गणित, इतिहास, दोन भाषा, सगळे त्यात आले. मात्र असे दर वेळी जमते असे समजू नये. हिवाळ्यात "कापड" हा विषय घेतला, रिंग रोडच्या बाजारात दोनदा गेलो, साडी साडेपाच मीटर नि ब्लाउजपीस ऐंशी सेंटिमीटर यापलीकडे मुलांना रस आला नाही. तो विषय आम्ही दीड महिन्यात बंद केला.

भाषेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या मंडळातील प्रत्येक घराला हे लागू आहे. सुरत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, तरी आपल्यापैकी बहुतेकांची मुले इंग्रजी माध्यमात जातात. घरी मराठी, रस्त्यावर गुजराती, शाळेत इंग्रजी, टीव्हीवर हिंदी. चारही येतात आणि एकाही भाषेत पानभर लिहिता येत नाही, अशी मुले आपण पाहतो. आम्ही असे ठरवले की सकाळच्या अभ्यासात गणित-विज्ञान इंग्रजीतून, गोष्टी व लेखन मराठीतून, आणि गुजराती रीतसर शिकायची. 2023 च्या कायद्याने गुजरातमधील सर्व शाळांत पहिली ते आठवी गुजराती सक्तीची आहे. घरी सक्ती करणारे कोणी नाही, पण ज्या गावात तीन पिढ्या राहिलो तिथली भाषा नुसती बोलता यावी आणि वाचता येऊ नये, हे आम्हाला पटत नाही.

मराठीवरून गुजराती फार लवकर येते. लिपीची शिरोरेखा काढली आणि थोडी अक्षरे वेगळी शिकली की वाचन सुरू. दोन्ही भाषांत लिंगे तीन, त्यामुळे हिंदीत अडखळणारी आमची नात गुजरातीत अडखळत नाही. फसवतात ते सारखे दिसणारे शब्द. आपण भाजी म्हणतो ते त्यांचे शाक. त्यांची भाजी म्हणजे फक्त पालेभाजी. आपला चौकस आणि त्यांचे चोक्कस यांचे अर्थ वेगळे. थंडीत पोंक आला की आजी सांगते, हा आपला हुरडाच. मुलांनी अशा शब्दांची वही केली आहे, आता साठ-सत्तर शब्द झाले असतील. मराठी वाचनासाठी बालभारतीचे "किशोर" मासिक, 1971 पासून निघते आहे, त्याचे जुने अंकही आम्ही काढले. घोड दोड रोडवरील नर्मद वाचनालयात पंधरवड्यातून एकदा फेरी असते.

दिवस असा जातो. साडेआठ ते अकरा बैठा अभ्यास, तेवढाच. अडीच तासांत दोन मुलांचे काम होते, कारण हजेरी, रांग, गोंगाट यांत वेळ जात नाही. अकराला स्वयंपाकघर. कणकेला पाणी किती, पाऊण वाटीची निम्मी किती, हे आजीचे खाते. दुपारी मोकळा वेळ, आणि तो खरोखर मोकळा ठेवावा लागतो. मोठ्यांना ते जड जाते. चारला आमचा तास. नातीला दहावे वर्ष पूर्ण झाल्यावर तिचे स्वतःचे बचत खाते उघडले. दहा वर्षांवरील मुलांना स्वतः व्यवहार करता येतात. बचत खात्यावरील व्याज 1 एप्रिल 2010 पासून रोजच्या शिलकेवर मोजतात, तेव्हा ती ते कागदावर काढते आणि पासबुकाशी ताळा करते. पैसा-दोन पैशांचा फरक आला तर जेवायला उठत नाही. संध्याकाळी पाच ते सात खाली खेळ, नातीला आठवड्यातून तीन दिवस पोहणे. मित्र-मैत्रिणी सोसायटीतले आणि मंडळाच्या बालनाट्यातले. शाळेत चाळीस मुलांच्या वर्गात जे आपोआप मिळते ते येथे ठरवून मिळवावे लागते, हे खरे आहे.

खर्चाचे विचारतात. पुस्तके, पोहणे, प्रवास धरूनही तो शाळेच्या फीपेक्षा बराच कमी येतो. पण खरा खर्च वहीत दिसत नाही. सूनबाईने अकाउंटंटची नोकरी अर्धवेळ केली, पगार निम्म्यावर आला आणि बढती गेली. जी जोडपी विचारायला येतात त्यांत प्रश्न बहुधा नवरा विचारतो आणि काम बायकोच्या अंगावर पडणार असते. त्यांना आम्ही स्पष्ट सांगतो : कोण, किती तास, किती वर्षे, हे आधी कागदावर लिहा. आमच्या घरी आम्ही दोघे निवृत्त आहोत म्हणून हे निभते. ज्यांच्याकडे दुसरा हात नाही त्यांनी शाळेत घालून संध्याकाळचा एक तास मुलाबरोबर काढावा, त्यातूनही पुष्कळ होते.

आता दहावी. सर्वात सोयीचा मार्ग म्हणजे केंद्र सरकारची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, एनआयओएस, 1989 साली स्थापन झालेली. दहावीसाठी वय 14 पूर्ण हवे, बारावीसाठी 15. आठवीचा दाखला नसल्यास, आपण अभ्यासक्रम झेपण्याइतके शिकलो आहोत असे स्वतःचे प्रमाणपत्र चालते. विषय पाच, हवे तर आणखी दोन. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षे टिकते आणि तेवढ्यात नऊ संधी मिळतात, म्हणजे एकेक-दोनदोन विषय करून सुटता येते. महाराष्ट्रात राहणाऱ्या नातेवाइकांना तिथल्या बोर्डाचा 17 नंबरचा फॉर्म ठाऊक असेलच, खासगीरीत्या बसण्याचा. केंब्रिज बोर्डाच्या परीक्षेलाही खासगी बसता येते, पण तिचे शुल्क बरेच आहे.

बोर्डाची परीक्षा टाळूच, असे काही कुटुंबे म्हणतात. त्यांनी मुंबईच्या मालविका जोशीची हकीकत वाचावी. आईने तिला सातवीनंतर शाळेतून काढून घरी शिकवले. आंतरराष्ट्रीय इन्फर्मेटिक्स ऑलिंपियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य पदक मिळवले आणि 2016 साली अमेरिकेतील एमआयटीने तिला शिष्यवृत्तीसह घेतले. त्या वेळी वर्तमानपत्रांत मथळे आले ते एमआयटीचे. मात्र त्याच बातम्यांत होते की बारावी नसल्यामुळे तिला आयआयटीत प्रवेश शक्य नव्हता. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने मात्र दार उघडले होते. पदके मिळवणारी मुले मोजकी. बाकीच्यांना बारावीचा कागद लागतो.

आमच्या नातीला चौदा पूर्ण व्हायला अजून अडीच वर्षे आहेत, पण घरात विषयांची चर्चा आतापासून सुरू आहे. गणित, विज्ञान, चित्रकला यांवर एकमत आहे. अडचण भाषांची. पाच विषयांत भाषा जास्तीत जास्त दोन घेता येतात. एक इंग्रजी, ती सोडता येणार नाही. दुसरी कोणती? आम्हा दोघांचे मत मराठी. मुलगा म्हणतो गुजराती, कारण पुढे येथेच राहायचे आहे. सूनबाई अजून बोललेली नाही. नातीने मात्र शनिवारी वहीच्या तिसऱ्या रकान्यात, "पुढे ओढले" खाली, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवले आहे : "दुसरी भाषा – मला विचारून."