आपाचा न धरलेला रोजा

मगरिबची अजान झाली. दस्तरखानावर खजूर, कलिंगड, भजी, सरबत असं सगळं मांडलेलं होतं. आमच्या आपाने, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतबहिणीने, तीन खजूर खाल्ले आणि गुलाबाच्या सरबताचा ग्लास एका दमात रिकामा केला. वीस मिनिटंही झाली नसतील, तिला दरदरून घाम फुटला, छातीत धडधडू लागलं, पोटात कळा सुरू झाल्या. कशीबशी ती न्हाणीघरापर्यंत पोचली. तासाभराने जरा बरं वाटलं. पण तराबीहच्या वेळी तिचे हात थरथरू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. घरातल्यांनी निदान करून टाकलं, "रोजा लागला."

रोजा लागला नव्हता. आपाचं दोन वर्षांपूर्वी वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि ही गोष्ट घराबाहेर कुणाला सांगितलेली नव्हती. साखर आणि गुडघे हाताबाहेर गेले तेव्हा डॉक्टरांनी बायपास सुचवला. या ऑपरेशनात जठराच्या वरच्या टोकाला छोटीशी पिशवी उरते. तिच्यात जेमतेम दोन-तीन मोठे चमचे मावतात. ही पिशवी थेट लहान आतड्याला पुढे जोडतात. दुसरा प्रकार स्लीव्हचा. त्यात जठराचा सुमारे पाऊण भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी नळी शिल्लक राहते. वजन उतरतं, बऱ्याच जणांची साखरही आटोक्यात येते. पण पोटाचं काम पहिल्यासारखं राहत नाही.

आपाला झालं त्याला डॉक्टर 'डम्पिंग' म्हणतात. एरवी जठर हे कोठाराच्या दारावरच्या राखणदारासारखं असतं; अन्न थोडं थोडं पुढे सोडतं. तो राखणदारच नसला की गोड पदार्थ धाडकन आतड्यात उतरतात. आतडं आजूबाजूचं पाणी ओढून घेतं, म्हणून कळा, जुलाब, घाम, धडधड. हा पहिला झटका खाल्ल्यावर अर्ध्या-पाऊण तासात येतो. दुसरा एक ते तीन तासांनी. एकदम वाढलेल्या साखरेवर शरीर जास्तच इन्शुलिन सोडतं आणि साखर गरकन खाली येते. थरथर आणि अंधारी त्याचीच.

यावर उपाय आहे, आणि बहुतेकांना तो ताटातच सापडतो. आपाने आता दिवसाची सहा छोटी जेवणं केली आहेत. आधी अंडं, मासा, डाळ किंवा पनीर, मग भाजी, भात-भाकरी शेवटी आणि घासभर. पाणी जेवताना नाही, जेवणानंतर अर्ध्या तासाने, घोट घोट. सरबत, शीरखुर्मा, फळांचा रस जवळजवळ बंद. घास इतका चावायचा की गिळताना कळू नये. काय खाल्लं आणि नंतर काय झालं हे ती एका वहीत लिहिते. त्या वहीतूनच कळलं की तिला दूधही पचत नाही. ऑपरेशननंतर काहींना हा त्रास नव्याने सुरू होतो. दह्याने मात्र तिला काही होत नाही.

पण प्रत्येक दुखणं ताटाने सुटत नाही. स्लीव्हनंतर छातीत जळजळ वाढू शकते. वजन झपाट्याने उतरलं की पित्ताशयात खडे होतात. बायपासच्या जोडावर व्रण पडू शकतो. तंबाखू आणि दुकानातून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या त्याला खतपाणी घालतात. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी आयुष्यभराची. उलट्या थांबतच नसतील, तर बी-१ कमी पडून मेंदूला आणि नसांना इजा होऊ शकते. तिथे 'बघू उद्या' चालत नाही. पोटात अचानक जोराची कळ आली, काळी शौच झाली, पाण्याचा घोटही टिकेना, तर थेट दवाखाना गाठावा आणि ऑपरेशन झाल्याचं आधी सांगावं. बायपासनंतर आतडं पिळवटल्याची कळ अनेक वर्षांनीही येऊ शकते.

आता प्रश्न रोज्याचा. तेरा-चौदा तास पाणी नाही आणि मग एका बैठकीत भरपाई, हे त्या छोट्या पिशवीला जमणारं नाही. पहिल्या वर्षात डॉक्टर सहसा नकोच म्हणतात. पुढे तब्येत बसली की काही जण रोजे धरतातही. पण ते तपासणी करून, औषधांच्या वेळा बदलून घेऊन.

आपाच्या डॉक्टरांनी नाही म्हटलं. ती रडली. "लहानपणापासून एक रोजा सोडला नाही, आता लोक काय म्हणतील?" मौलानांना विचारलं तर त्यांनी उलट तिलाच विचारलं, "अल्लाहने दिलेली सवलत तुम्ही नाकारणार का?" सूरह बकरामध्ये आजाऱ्याला आणि प्रवाशाला रोजे पुढे भरून काढायची मुभा आहे. बरं होण्याची आशाच नसेल, त्याने एका रोज्यामागे एका गरजूला जेवू घालावं. तो फिदया.

समोरच्या वहिनींचंही स्लीव्हचं ऑपरेशन झालेलं, हे आम्हाला या गडबडीतच कळलं. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि वर केळ्याचं शिकरण खाल्लं की त्यांचीही हीच गत व्हायची. सासूबाईंना सांगायची चोरी, म्हणून त्या गप्प. दोघी दोन वर्षं एकाच गल्लीत, एकच दुखणं लपवत राहिल्या.

लपवण्याचं कारण दोघींचं एकच होतं. "खाणं आवरलं नाही म्हणून पोट कापून घेतलं," हे वाक्य. लठ्ठपणा हा आजार आहे आणि त्यावरचं ऑपरेशन हा इलाज, हे आपण अजून मानत नाही.

यंदा आपा इफ्तारची भजी तळते, पण दुपारी पडद्याआड पाणी पीत नाही. परवा एका पाहुणीने भुवया उंचावल्या. आपाने बाटली खाली ठेवली नाही. "डॉक्टरांनी सांगितलंय," एवढंच म्हणाली आणि पुढचा घोट घेतला.