लांबलेला शोक आणि बोलण्याचा उपचार

(मनाची दुखणी : भाग ७)

बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यातून तापीपलीकडे पाहिले की जैनाबादची बाजू दिसते. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताज याच शहरात गेली आणि तिला आधी पुरले ते त्या काठावरच्या बागेत. डिसेंबरात देह आग्र्याला हलवला. शाहजहान आठवडाभर झरोक्यात आला नाही, दोन वर्षे त्याने दागिने आणि गाणेबजावणे वर्ज्य केले, दाढी पांढरी झाली, असे दरबारी इतिहासकार लिहितात. (दरबारी माणूस धन्याचे दुःखही जरा वाढवूनच लिहिणार, हे धरून चालावे.) पण बादशहा कारभाराला लागला. त्याला आजारी ठरवायला मी तयार नाही. शोक खोल असला म्हणून तो आजार होत नाही.

मग आजार कशाला म्हणायचे? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या यादीत 'प्रोलाँग्ड ग्रीफ डिसऑर्डर' आहे. मृत्यूला सहा महिने उलटले तरी गेलेल्या माणसाची ओढ तसूभर कमी होत नाही, मन त्याच्याभोवतीच फिरते, रोजचे जगणे अडते आणि हे सारे त्या समाजाच्या रीतीपलीकडे जाते, तेव्हा हे निदान होते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ मोठ्यांसाठी वर्षभर थांबतात. वर्षश्राद्धाचा हिशेब आपल्याकडे आधीपासूनच आहे!

तेरा दिवस घर माणसांनी भरलेले असते. चौदाव्या दिवशी चपलांचा ढीग नाहीसा होतो. पुढे कुणी नाव काढले की दुसरा चहाचे विचारतो. 'आता किती दिवस रडणार?' हे मायेनेच म्हटले जाते, पण त्याने तोंड बंद होते. उपचार नेमके हे बंद तोंड उघडतो.

कोलंबिया विद्यापीठातल्या डॉ. कॅथरिन शिअर यांनी घडवलेल्या पद्धतीत साधारण १६ बैठका असतात. त्यांतला अवघड भाग असा : डोळे मिटून, मृत्यूची बातमी कळली तो प्रसंग आत्ता घडतो आहे असा सांगायचा. दवाखान्याचा जिना, फोनची घंटा, अंगावरची साडी, सगळे. सांगणे रेकॉर्ड होते आणि ते घरी रोज ऐकायचे. ऐकणाऱ्याला हे निर्दय वाटेल. पण टाळलेली आठवण प्रत्येक वेळी नव्याने अंगावर येते; तीच वारंवार सांगितली की हळूहळू घडून गेलेली गोष्ट होते. सांगून झाल्यावर ती मनातल्या मनात बाजूला ठेवायची आणि आज संध्याकाळी स्वतःसाठी काय करणार, तेही ठरवायचे. टाळलेल्या जागी, टाळलेल्या रस्त्याने पुन्हा जायचे, हाही गृहपाठच.

आणखी एका बैठकीत गेलेल्या माणसाशी मोठ्याने बोलायचे आणि त्याच्या वतीने उत्तरही आपणच द्यायचे. हे परके वाटत असेल तर दहाव्याचा घाट आठवा. कावळा पिंडाला शिवत नाही तेव्हा कुणीतरी हात जोडून म्हणतेच ना, 'काळजी करू नका, धाकटीचं लग्न आम्ही लावून देऊ'? फरक इतकाच की घाटावर ते एकदाच बोलले जाते, तेही सगळ्यांना घरी जायची घाई असताना.

गुण येतो का? २००५ साली शिअर यांच्या चाचणीत या पद्धतीने ५१ टक्के रुग्णांना चांगला फरक पडला. नेहमीच्या दुसऱ्या संवादोपचाराने २८ टक्क्यांना. २०१६च्या चाचणीत नैराश्याची गोळी जोडून पाहिली. उदासी आणखी उतरली, शोक मात्र बोलण्यानेच हलला.

बऱ्हाणपुरात एक पेच उरतो, भाषेचा. घरात मराठी, बाजारात हिंदी, शेजारी निमाडी नाहीतर उर्दू. माणूस गेला तेव्हा त्याच्याशी ज्या भाषेत शेवटचे बोललात, तीतच तो प्रसंग खरा सांगता येतो. तेव्हा समुपदेशक शोधताना पदवीबरोबर भाषाही विचारा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य मिळते, आणि तिथे मराठीतही बोलता येते.