हरलेल्यांचा किल्ला: कुरोसावाचा आणि परंड्याचा

लढाई संपली आहे आणि दोन शेतकरी एकमेकांशी कचाकचा भांडत माळावरून चालले आहेत. लुटीत वाटा मिळेल या आशेनं ते गाव सोडून निघाले, पण पोचेपर्यंत उशीर झाला. वर हरलेल्या बाजूचे समजून त्यांनाच मढी पुरायला लावलं. अकिरा कुरोसावाचा ‘द हिडन फोर्ट्रेस’ (१९५८) असा सुरू होतो.

अकिझुकी घराण्याचा पाडाव झालेला. डोंगरातल्या गुप्त गढीत उरलेत राजकन्या युकी, सेनापती रोकुरोता (तोशिरो मिफुने) आणि जळाऊ लाकडांच्या पोटात दडवलेलं सोनं. हे सगळं शत्रूच्याच मुलखातून पार न्यायचं. वाटेत गावकरी उत्सवाची होळी पेटवून नाचत असतात. संशय येऊ नये म्हणून रोकुरोता लाकडांनी भरलेली गाडीच त्या आगीत लोटतो आणि सगळे गर्दीबरोबर नाचू लागतात. सकाळी राख उकरून सोनं वेचायचं! हरलेल्या माणसाला किती वेगानं विचार करावा लागतो, हे त्या एका रात्रीत दिसतं.

धाराशिव जिल्ह्यातल्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये; तिथल्या परंड्याच्या किल्ल्यातही हरलेल्यांनी असाच डाव मांडला होता. ऑगस्ट १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. त्याआधी थोडेच दिवस, किल्ला लढवणारी चांदबिबी आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली होती, आणि बाल सुलतान बहादूर ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. अहमदनगरची निजामशाही संपली, असंच कुणीही म्हटलं असतं. मलिक अंबरनं म्हटलं नाही. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा सरदार. विखुरलेले स्वार त्यानं गोळा केले, निजामशाही घराण्यातला अली नावाचा तरुण शोधला, त्याला आपली मुलगी दिली आणि परंड्याच्या भुईकोटात मुर्तजा निजामशाह म्हणून गादीवर बसवलं. राजधानी गेलेल्या राज्याची राजधानी परंडा झाली.

रोकुरोताला फक्त सीमा ओलांडायची होती. अंबरला पुढची पंचवीस वर्षं, १६२६ मध्ये मरेपर्यंत, मोगलांशी झुंजायचं होतं. समोरासमोर न भिडता रसद तोडायची, रात्री छापे घालायचे, ही त्याची रीत मराठा स्वारांच्या बळावर उभी होती. तो गेल्यावर, दौलताबादही पडल्यावर, शहाजीराजांनी पेमगिरीवर निजामशाही वंशातल्या एका लहान मुलाला गादीवर बसवलं. तो डाव १६३६ मध्ये माहुलीला संपला.

कुरोसावाचं मोठेपण असं की ही सगळी कथा तो सेनापतीच्या नव्हे, त्या दोन लोभी, भेदरट शेतकऱ्यांच्या नजरेनं सांगतो. जॉर्ज लुकासनं ‘स्टार वॉर्स’साठी हीच युक्ती उचलली, तिथे दोन शेतकऱ्यांच्या जागी दोन यंत्रमानव आले. परंड्याच्या इतिहासात मात्र ती नजर सापडत नाही. बखरी आणि तवारिखा सरदारांच्या.

परंड्याला खंदक आहे, दुहेरी तट आहे, बुरुजांवर तोफा आहेत. त्यांतली सर्वांत मोठी, १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली ‘मुलूखमैदान’, आता तिथे नाही. १६३२ मध्ये ती विजापूरला नेली. वजन सुमारे पंचावन्न टन. तोंड सिंहाचं, आणि त्याच्या जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. ती ओढायला शेकडो बैल आणि माणसं लागली, असं सांगतात. त्या माणसांतल्या एकाचंही नाव कुठे नोंदलेलं नाही; तोफ ओतणाऱ्या मुहम्मद बिन हसन रूमीचं मात्र तिच्यावर कोरलेलं आहे.