माथ्यावरचे ओझे आणि वहीतील नोंद

दीपावलीच्या मुहूर्तावर पेढ्यापेढ्यांवर नव्या वहीचे पूजन होते. वर्षभराच्या जमाखर्चात भाडे, आडत, व्याज, वाहतूक अशी मोठी सदरे असतात आणि त्यांच्या खाली कोठेतरी ‘हमाली’ हे एक लहानसे सदर असते. एकूण उलाढालीच्या मानाने ही रक्कम इतकी किरकोळ असते की तिच्यावर सहसा कोणाची नजर थांबत नाही. मात्र गाडीतून उतरलेले प्रत्येक पोते कोणाच्या तरी पाठीवरून गोदामात गेलेले असते. संध्याकाळी हातावर ठेवलेली मजुरी हा त्या पाठीचा पूर्ण मोबदला असतो काय, हा प्रश्न महाराष्ट्राच्या बाजारपेठांत गेली साठ-सत्तर वर्षे विचारला जात आहे.

श्रावकाला हा प्रश्न नवा वाटू नये. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘अतिभारारोपण’ आणि ‘अन्नपाननिरोध’ हे दोन आहेत. न्याय्य मर्यादेपलीकडे भार लादणे आणि वेळेवर अन्नपाणी मिळू न देणे, असा त्यांचा अर्थ. बैलगाडीच्या काळात या अतिचारांचा विचार प्रामुख्याने मुक्या जनावरांच्या संदर्भात झाला. तथापि श्रावकाचारावरील जुन्या टीकांत माणसाविषयीही एक साधी कसोटी दिलेली आढळते: जेवढे ओझे तो स्वतः उचलू शकेल आणि स्वतः खाली ठेवू शकेल, तेवढेच त्याच्यावर द्यावे.

ही कसोटी बाजारपेठेला लावून पाहावी. पूर्वी धान्याचे आणि साखरेचे पोते शंभर किलोच्या आसपास भरत असे. ते हमालाला एकट्याने उचलता येत नसे; दोघे ते उचलून तिसऱ्याच्या पाठीवर देत आणि तो वाकून चालू लागे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली केलेल्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हाताने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो धरली आहे. आपल्याकडचे पोते तिच्या जवळजवळ दुप्पट होते. मान, गुडघे आणि कंबर यांची किंमत चाळिशीनंतर मोजावी लागे आणि ती हमाल एकटाच मोजत असे.

कामगारांसाठी कायदे नव्हते असे नाही. अडचण निराळी होती. भविष्य निर्वाह निधीचा १९५२ चा कायदा प्रारंभी पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी झाला; पुढे ही मर्यादा वीसवर आली. ग्रॅच्युइटी मिळण्यासाठी एकाच मालकाकडे सलग काही वर्षांची नोकरी दाखवावी लागते. हमाल मात्र सकाळी एका दुकानावर, दुपारी दुसऱ्या आणि सायंकाळी तिसऱ्या दुकानावर ओझे वाहतो. त्याचे नाव कोणाच्याही हजेरीपटावर नसते. ज्याला दहा मालक त्याला एकही मालक नाही, अशी त्याची स्थिती होती.

मुंबईत मशीद बंदर, दाणा बंदर आणि मांडवी या भागांतील हमालांमध्ये सातारा जिल्ह्यातून आलेल्यांचा मोठा भरणा होता. माथ्यावर भार वाहणारा तो माथाडी. पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटील यांनी या कामगारांना संघटित केले. पुण्यात नाना पेठेत दवाखाना चालविणारे डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायतीच्या रूपाने तेच कार्य उभे केले. अशा प्रयत्नांतून, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९६९ साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा अस्तित्वात आला. पुढे केरळने १९७८ मध्ये आणि तामिळनाडूने १९८२ मध्ये अशाच श्रमिकांसाठी स्वतंत्र कायदे केले.

या कायद्याने काढलेला मार्ग व्यापाऱ्याला सहज उमजेल असा आहे. हमालाला एक मालक मिळणे शक्य नव्हते, म्हणून सर्व मालकांचे मिळून एक खाते उघडण्यात आले. माथाडी मंडळावर मालक, कामगार आणि शासन या तिघांचेही प्रतिनिधी असतात. व्यापारी आपल्या पेढीची आणि हमाल आपल्या नावाची मंडळाकडे नोंदणी करतो. कामाची मजुरी व्यापारी मंडळात भरतो आणि तिच्यावर ठराविक टक्के ‘लेव्ही’ही भरतो. मजुरी कामगाराला मिळते. लेव्हीतून त्याचा भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी रजा आणि औषधोपचार यांची तरतूद होते. दहा पेढ्यांवर विखुरलेले श्रम एका नावावर जमा होऊ लागले. कोपरखैरणे आणि घणसोली येथे उभी राहिलेली माथाडींची घरे हे त्या व्यवस्थेचेच फलित होय.

व्यापारी वर्गात लेव्हीविषयी नाराजी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. तिच्यातील काही तक्रारी रास्त आहेत. मंडळांचा कारभार अनेकदा संथ असतो. कामाला हात न लावता ‘वाराई’च्या नावाने पैसे मागणाऱ्या टोळ्यांचा उपद्रव गोदामांना आणि कारखान्यांना झाला आहे आणि अशा बनावट माथाडींना आळा घालण्याची मागणी खऱ्या माथाडींच्या नेत्यांनीही केली आहे. खंडणीला खंडणीच म्हटले पाहिजे. परंतु तिच्या संतापात लेव्हीलाच अन्यायी ठरविणे हा हिशेबातील दोष ठरतो. शंभर रुपये मजुरीवर तीस रुपये लेव्ही भरावी लागली, तर ते तीस रुपये वरचे दान नसतात. आजारपणाचा, रजेचा आणि म्हातारपणाचा तो खर्च पूर्वीही होताच. फक्त तो हमालाच्या घरच्या वहीत नावे पडत असे. यंत्राचा घसारा प्रत्येक पेढी दरवर्षी न चुकता धरते. शरीराचा घसारा धरण्याची सोय या कायद्याने केली.

पुण्यातील हमाल पंचायतीने १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ हे केंद्र सुरू केले. श्रमिकाला परवडेल अशा दरात पोटभर जेवण मिळावे, एवढाच त्यामागील हेतू. अन्नपाननिरोधाचा अतिचार दुसऱ्या टोकाकडून पाहिला तर तो येथे दूर झालेला दिसतो. पोत्याचे वजन कमी व्हावे यासाठीही हमालांना दीर्घकाळ झगडावे लागले. आज साखर, धान्य, सिमेंट बहुतांशी ५० किलोच्या गोणीत येते. दहा टनांच्या गाडीत पूर्वी शंभर पोती असत, आता दोनशे गोण्या असतात. एकूण भार तोच, खेपा दुप्पट. परंतु एका वेळी मानेवर येणारे वजन निम्मे झाले आणि गोणी स्वतः उचलता येण्याजोगी झाली.

अद्याप मोठा वर्ग या छत्राबाहेर आहे. बाजार आवारात मिरची-कांदा निवडणाऱ्या स्त्रिया, शहराबाहेरील गोदामांत ठेकेदारामार्फत आलेले परप्रांतीय मजूर आणि लहान दुकानांतील दोन-चार नोकर यांच्यापर्यंत बहुतेक संरक्षण पोहोचत नाही. एकाच छपराखाली, एकाच मालाला हात लावणाऱ्या दोघांपैकी एकाला निवृत्तीनंतर निधी मिळतो आणि दुसऱ्याला गावची वाट धरावी लागते.

लहान पेढीलाही येथे करण्यासारखे पुष्कळ आहे. कामगारांची संख्या वीसपेक्षा कमी असली तरी मालक व कामगारांच्या संमतीने भविष्य निर्वाह निधीत स्वेच्छेने सामील होता येते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता २० रुपये आणि जीवनज्योती विमा योजनेचा ४३६ रुपये आहे. प्रत्येकी दोन लाखांचे संरक्षण मिळते. श्रमयोगी मानधन योजनेत १८ ते ४० वर्षे वयाच्या असंघटित कामगाराने वयानुसार दरमहा ५५ ते २०० रुपये भरल्यास केंद्र सरकार तेवढीच भर घालते आणि साठीनंतर दरमहा ३००० रुपये निवृत्तिवेतन मिळते. दुकानातील नोकराचे हे हप्ते पेढीने भरले, तर तो खर्च चहापाण्याच्या सदराहून अधिक होणार नाही.

अर्थात विम्याचा हप्ता हा योग्य मजुरीचा पर्याय नव्हे. प्रथम मजुरी पुरेशी आणि वेळेवर, मग लेव्ही किंवा निधी पूर्ण, आणि त्यानंतर दानधर्म, असा क्रम असावा. चातुर्मासात जीवदयेसाठी पावती फाडणारा हात हमालीच्या दरात दोन रुपयांची घासाघीस करीत असेल, तर अतिचाराचा विचार आपल्याच दुकानाच्या उंबरठ्यापासून सुरू करावा लागेल. येत्या वर्षी नवी वही उघडताना ‘हमाली’च्या सदराखाली त्या माणसाच्या उतारवयाची तरतूद आहे की नाही, एवढे प्रत्येक पेढीने तपासून पाहावे.