बसल्या बसल्या शंभर!

बर्फाच्या तीव्र उतारावरून बसल्या बसल्या खाली यायचं. वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. आणि पायांची मदत अजिबात घ्यायची नाही. जमेल?

जपानच्या मोमोका मुराओकाला जमतं! ती चार वर्षांची असताना तिच्या मज्जारज्जूला सूज आली आणि पाय लुळे पडले. तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीत आहे. प्राथमिक शाळेत असताना तिची सिट-स्कीशी ओळख झाली आणि २०१४ साली, सतराव्या वर्षी, ती रशियातल्या सोचीला हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये उतरलीसुद्धा.

सिट-स्की म्हणजे एक खोलगट बैठक आणि तिच्याखाली फक्त एकच स्की. दोन्ही हातांत कुबड्यांसारख्या काठ्या असतात आणि त्यांच्या टोकाला छोट्या स्की. तोल सांभाळायला त्या हव्यातच!

खरी गंमत बैठकीखाली आहे. उभ्याने स्की करणाऱ्याचे गुडघे सारखे कामात असतात. उंचवटा आला की वाकतात, खळगा आला की सरळ होतात, म्हणून स्की बर्फाला धरून राहते. ती बर्फापासून सुटली, तर वळवायची कशी? मोमोकाच्या गुडघ्यांना हे काम करता येत नाही. म्हणून बैठक आणि स्कीच्या मध्ये शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवलेला असतो, मोटारसायकलला असतो तसाच. दणका तो पचवतो.

पण वळायचं काम कुठलाही शॉक अ‍ॅब्सॉर्बर करत नाही. स्कीच्या दोन्ही कडा मध्यभागी किंचित आत गेलेल्या असतात. स्की एका बाजूला कलली की तिची कड बर्फात रुतते, स्की कमानीसारखी वाकते आणि त्या कमानीवरून आपोआप वळत जाते. हा कल मोमोका खांदे, हात आणि शरीराच्या वरच्या भागाने देते. म्हणून बैठक अंगाच्या मापाची, अगदी घट्ट लागते. बोटभर जागा सैल राहिली, तरी अंग आधी झुकणार आणि स्की मागून. एवढ्या वेगात तेवढा उशीरही फार महागात पडतो. मला तर या खेळातलं सगळ्यात मोठं नवल हेच वाटतं.

इथला निकालही नुसत्या घड्याळावर लागत नाही. बसून स्की करणाऱ्या कुणाच्या पोटापाठीचे स्नायू चांगले चालतात, कुणाचे जवळजवळ नाहीच. म्हणून प्रत्येक गटाला एक गुणक दिलेला असतो. समजा, एखादीला १०० सेकंद लागले आणि तिचा गुणक ०.८ असेल, तर तिची वेळ धरायची ८० सेकंद.

२०१८ साली दक्षिण कोरियातल्या प्योंगचांगला मोमोका पाच शर्यतींत उतरली आणि पाचही पदकं घेऊन आली. त्यात एक सुवर्ण! मग तिने चक्क उन्हाळी खेळाकडे मोर्चा वळवला. २०२१ च्या उन्हाळ्यात टोकियो पॅरालिम्पिकमध्ये चाकाच्या खुर्चीच्या १०० मीटर शर्यतीत ती सहावी आली. त्यानंतर जेमतेम सहा महिन्यांनी, मार्च २०२२ मध्ये, ती बीजिंगच्या बर्फावर हजर! तिथे तिने तीन सुवर्ण आणि एक रौप्य मिळवलं. त्यातलं पहिलं सुवर्ण होतं डाउनहिलचं, म्हणजे या खेळातल्या सगळ्यात वेगवान शर्यतीचं.